मूळ प्रत

परवा माळ्यावरून पत्र्याची पेटी खाली काढली. आत स्लाइड्स, चारशेच्या आसपास. सून म्हणाली, "बाबा, सगळ्या स्कॅन करते, मग पेटी टाकून देऊ." पहिली गोष्ट मला मान्य आहे. दुसरीवरून वाद चालू आहे. घरात मी अल्पमतात असल्यामुळे माझी बाजू इथे मांडतो.

निगेटिव्हवरून हव्या तितक्या प्रती निघत. स्लाइडचं तसं नव्हतं. कॅमेऱ्यात जी पट्टी असे तीच धुऊन, कापून, चौकटीत बसवून प्रोजेक्टरमध्ये जाई. समोरच्या माणसावरून आलेला उजेड जिच्यावर पडला, तीच फिल्म हातात. स्कॅन ही तिची नक्कल. मूळ दस्तऐवज आणि झेरॉक्स यांतला फरक बँकेत आयुष्य घालवलेल्या माणसाला कोणी शिकवू नये!

सर्वांत नावाजलेली फिल्म कोडॅक्रोम, १९३५ची. अंधारात ठेवली तर तिचे रंग दीर्घकाळ टिकतात. पण रंग देणारी द्रव्यं फिल्ममध्ये नसून धुण्याच्या रसायनांत असत, त्यामुळे ते काम मोठ्या यंत्रांचंच. २००९मध्ये ती बंद झाली. अमेरिकेतल्या कॅन्सस राज्यात, पार्सन्स गावी, तिचे रोल धुणारी अखेरची प्रयोगशाळा होती. २०१०च्या शेवटी तिनंही नवे रोल घेणं थांबवलं.

एक्टाक्रोम मात्र घरी धुता येई. तीही २०१२मध्ये बंद झाली, २०१८मध्ये पुन्हा निघाली. १९८९ साली विदर्भातल्या एका शाखेत असताना भाड्याच्या घराच्या मोरीत मी हा उद्योग करी. रसायनं बरोबर ३८ अंशांवर हवीत, पहिल्या डेव्हलपरला तर अर्ध्या अंशाची चूक चालत नाही. पुस्तकात पाणी कसं तापवावं ते लिहिलेलं; मे महिन्यात आम्हांला बर्फ घालावा लागे. धुतलेली ओली पट्टी रिळावरून सोडवून दिव्यासमोर धरली की रंग दिसत, आणि बायको स्वयंपाक सोडून बघायला येई.

त्याच उन्हाळ्यात आई राहायला आली होती. अंगणात तुळशीपाशी तिचा अख्खा रोल काढला. रसायनांचा संच महाग. सांगितलेले रोल धुऊन झाले होते. हिशेबी स्वभाव, म्हटलं अजून एक निघेल. दमलेल्या डेव्हलपरनं सगळ्या स्लाइड्स काळवंडल्या. पावसाळ्यात आई गेली. दुसरी प्रत नव्हती.

सुनेनं त्यातली एक स्कॅन करून संगणकावर उजळली. दाणेदार का होईना, लुगड्याचा हिरवा काठ दिसला. इतक्या वर्षांत तो मला दिसला नव्हता. हे मी तिच्यापाशी कबूल केलं.

मग तीच स्लाइड घेऊन खिडकीशी गेलो. नातू मागोमाग आला, एक डोळा मिटून बघू लागला.

"आजोबा, यात काहीच दिसत नाही."

"थांब जरा," म्हटलं, "डोळा सरावू दे."