वेताळालाही तोड हवी!

आमच्या विंगमध्ये शनिवारी मेसचं जेवण झालं की चार-पाच जण पेन्सिल, कागद आणि वीस बाजूंचा फासा घेऊन बसतात, हे आता रेक्टर सरांनाही माहीत आहे. (सर, पत्ते नाहीत, शप्पथ!) डंजन्स अँड ड्रॅगन्स हा तो खेळ. अमेरिकेत गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नसन यांनी १९७४ साली काढलेला. एक जण गोष्ट सांगणारा मास्टर, बाकीचे एकेक पात्र. आपली पाळी आली की काय करणार ते सांगायचं, फासा टाकायचा आणि नशीब बघायचं. राक्षस आणायचे मास्टरने. मास्टर बहुतेक वेळा मीच असतो, म्हणून हा लेख.

राक्षस बनवायचा म्हटलं की आपली इंजिनीअर मंडळी लगेच एक्सेल उघडतात. राक्षसाचे प्राण किती, एका फेरीत त्याचा मार किती, चौघांचा मिळून किती. लढाई काठावर आली की झाला बॅलन्स! २००० सालच्या तिसऱ्या आवृत्तीच्या पुस्तकातही प्रत्येक राक्षसाला चौघांच्या टोळीच्या हिशेबाने एक आकडा दिलेला असतो. आकडे हवेतच. पण खरी गोष्ट त्यांत मोजलीच जात नाही, असं माझं स्पष्ट मत आहे.

हे मला कळलं गेल्या दिवाळीत, जामखेडला घरी. शाळेतले मित्र जमवले, खर्ड्याच्या किल्ल्याचा नकाशा काढला (१७९५ च्या लढाईत निजाम जिथे कोंडला गेला तोच), आणि त्याच्याखाली मनानेच एक तळघर खोदून तिथे वेताळ बसवला. वेताळ एकटा, समोर चौघे. त्याची एक पाळी झाली की यांच्या चार. मग त्याला काहीतरी जबरदस्त द्यायला नको? मी दिली ओरड. ओरड ऐकली की फाशावर १५ किंवा जास्त पडलं पाहिजे, नाहीतर पात्र जागीच थिजलं. पुढच्या पाळीला पुन्हा फासा. कागदावर एकदम झकास.

आता हिशेब बघा. वीसपैकी सहा आकडे, म्हणजे सुटण्याची शक्यता ३० टक्के. सलग चार वेळा न सुटण्याची शक्यता ०.७ चा चौथा घात, २४ टक्के. म्हणजे चौघांत सरासरी एकाच्या नशिबी हे लिहिलेलंच.

तो एक निघाला खर्ड्याहून एस.टी.ने आलेला माझा मित्र. मुळातच कमी बोलणारा. आठवडाभर बसून त्याने आपल्या पात्राचं नाव, गाव, घोडा, सगळं वहीत लिहून आणलं होतं. आमची एक फेरी पंधरा मिनिटांची. तासभर तो फक्त फासा टाकत होता: ४, ११, ७, १४. शेवटी वेताळ मेला, अगदी काठावर, एक्सेलप्रमाणे! बाकीच्यांनी आरडाओरडा केला. तो म्हणाला, "गाडी चुकेल माझी," आणि वही घेऊन गेला. दुसऱ्या दिवशी आलाच नाही.

राक्षसाने खुशाल प्राण घ्यावेत. पाळी घेऊ नये! मेलेला खेळाडू नवं पात्र तरी बनवतो, थिजलेला नुसता बघत बसतो.

आपल्या जुन्या गोष्टींत याची मस्त उदाहरणं आहेत. रक्तबीज घ्या. रक्ताचा थेंब सांडला की नवा रक्तबीज. जितके जोरात माराल तितके शत्रू जास्त. पण इथे कुणाचेच हात बांधलेले नाहीत. उलट प्रत्येक वाराआधी डोकं चालवावं लागतं, आणि तोड डोळ्यांसमोर आहे: थेंब जमिनीवर पडू द्यायचा नाही. याउलट भस्मासुर. डोक्यावर हात ठेवला की भस्म, वर देणाऱ्या शंकरालाच पळायची वेळ आली. माझ्यासारख्याच मास्टरने घाईत दिलेला वर तो!

नुसती तोड असूनही भागत नाही म्हणा. १९७७ च्या मॉन्स्टर मॅन्युअलमध्ये आपला राक्षस आहे, वाघाच्या तोंडाचा. साधी शस्त्रं त्याला लागत नाहीत, पण पुजाऱ्याने मंतरलेला क्रॉसबोचा बाण लागला की खलास. हे खेळणाऱ्याला कळायचं कसं? चाहूलच नाही. आऊट ऑफ सिलॅबस प्रश्न!

म्हणून मी वेताळ पुन्हा लिहिला. प्राण तेवढेच, मार तेवढाच. ओरडीच्या एक फेरी आधी मशाली निळ्या होतात, ही चाहूल. तोड विक्रमाकडून घेतली. विक्रम बोलला की वेताळ झाडावर परत, आठवतंय ना? तर मशाली निळ्या झाल्यावर जो तोंड उघडणार नाही त्याला ओरड बाधत नाही. पण काय करायचं ते त्याने हातवाऱ्यांनीच दाखवायचं, मास्टरला समजेल तेच खरं. जो बोलेल त्याचीही पाळी शाबूत, मात्र वेताळाचा पुढचा घाव त्याच्यावर, तोही दुप्पट.

रूम पार्टनर म्हणाला, ही तर कॉमेडी झाली, याला कोण घाबरणार? गेल्या शनिवारी त्याचंच पात्र मेलं, "अरे मागे बघ!" असं दुसऱ्याला ओरडून सांगताना.

या दिवाळीत नवा वेताळ जामखेडला नेणार आहे. खर्ड्याच्या मित्राला फोनवर सगळे नियम सांगितले. ओरडीचा नियम त्याने दोनदा विचारून घेतला. येशील का म्हटल्यावर म्हणाला, "बघू."