गळा कुणाचा, गाणे कुणाचे?

गेल्या कोजागिरीला काचीगुड्यातील एका स्नेह्यांच्या गच्चीवर आम्ही दहाबारा मराठी आणि कोंकणी कुटुंबे जमलो होतो. दूध आटत होते, गप्पा रंगल्या होत्या. एका तरुण अभियंत्याने अशी सूचना मांडली की, प्रत्येकाने आपल्याला सर्वांत प्रिय असलेल्या तीन जॅझ गायकांची नावे सांगावीत. जुनी चालतील, नवीही चालतील. नावे येऊ लागली. एला फिट्झेराल्ड, बिली हॉलिडे, लुई आर्मस्ट्राँग, सेरा व्हॉन; नव्यांपैकी सेसील मॅक्लोरिन साल्व्हांट आणि समारा जॉय. माझी पाळी आली तेव्हा मी पहिले नाव घेतले, "लोर्ना." क्षणभर शांतता पसरली, मग हशा पिकला. "काका, आपण जॅझविषयी बोलतोय, लग्नातल्या नाचगाण्यांविषयी नव्हे," असे तो तरुण म्हणाला. कोपऱ्यात एक वयोवृद्ध गृहस्थ बसले होते. त्यांना हा सारा विषयच अप्रिय वाटत असावा. ते म्हणाले, "वकीलसाहेब, यांतले एकही नाव आपले नव्हे. ही आपली संस्कृतीच नव्हे."

आक्षेप दोन टोकांचे होते, परंतु निकाल एकच लागला: लोर्ना बाहेर. एकाच्या लेखी ती पुरेशी परकी नाही म्हणून बाहेर, आणि दुसऱ्याच्या लेखी ती परकी आहे म्हणून बाहेर! दोन परस्परविरोधी साक्षींवरून एकाच आरोपीला दोषी ठरविणारे न्यायालय मी अद्याप पाहिलेले नाही. दूध निवत होते म्हणून त्या रात्री मी वाद आवरता घेतला. आज तो पुरा करतो.

आधी वयाचा मान राखून ज्येष्ठांचा आक्षेप घेऊ. "आपले" म्हणजे नेमके काय? ज्या शहरात बसून ते बोलत होते त्या हैदराबादेत वरात निघाली की मर्फा वाजतो. त्या तालावर आमची मराठी मुलेही बेभान होऊन नाचतात. हा मर्फा आला कोठून? निजामाच्या पदरी असलेल्या अरबी आणि हबशी शिपायांबरोबर तो येथे आला. त्या आफ्रिकी घोडदळाची आठवण ए. सी. गार्ड्स या वस्तीच्या नावात आजही टिकून आहे. आफ्रिकेचा ताल समुद्र ओलांडून दख्खनेत आला तर तो आपला होतो, आणि तोच ताल अमेरिकेला वळसा घालून आल्तिनो किंवा कुलाब्यात उतरला तर मात्र परका ठरतो, हा न्याय कोणता? इथल्या दख्खनी बोलीने आमच्या 'नको'चे 'नक्को' करून घेतले, त्याबद्दल कोणी तिच्यावर फिर्याद लावली नाही. भाषेत चालते ते गाण्यात का चालू नये?

पेटीचेच उदाहरण घ्या. फ्रान्सकडून आलेले हे वाद्य. त्याच्याविरुद्ध शुद्धतावाद्यांनी एवढे रान उठविले की सरकारी नभोवाणीने 1940 साली तिला बंदी घातली, आणि ती बंदी 1971 पर्यंत उठली नाही. परंतु ज्याचे नाट्यसंगीत पेटीवाचून उभे राहते असा एक तरी मराठी घराचा उंबरा दाखवा! पुढे 1952 साली नभोवाणी खात्याचे मंत्रिपद आपल्याच बाळकृष्ण विश्वनाथ केसकरांकडे आले. त्यांनी चित्रपटगीतांना नभोवाणीचे दार जवळजवळ बंद केले. श्रोत्यांनी काय केले? त्यांनी काटा फिरवून रेडिओ सिलोन लावला. शेवटी 1957 साली विविध भारती सुरू करावी लागली. संस्कृतीच्या राखणदारांचा पराभव असा नेहमी श्रोत्यांच्या बोटांनी होत आला आहे.

आणि मराठी माणसाचा जॅझशी संबंध नाही म्हणता? पुणतांब्याचे रामचंद्र नरहर चितळकर, म्हणजेच सी. रामचंद्र, आणि अल्दोन्याचे आंतोनियो झेवियर वाझ, ज्यांना सारी मुंबई चिक चॉकलेट म्हणून ओळखत होती, या दोघांची जोडी आठवा. चिक चॉकलेट यांचा ट्रंपेट ऐकून लोक त्यांना हिंदुस्थानचा आर्मस्ट्राँग म्हणत. मुंबईत 1950 च्या सुमारास दारूबंदी कडक झाली. रात्रीच्या क्लबांचा व्यवसाय खालावला, आणि गोव्याचे हे वादक अधिकाधिक संख्येने चित्रपटांच्या ध्वनिमुद्रणालयांकडे वळले. 1951 च्या 'अलबेला'मध्ये भगवानदादांच्या नाचामागे चिक चॉकलेट यांचा ताफा प्रत्यक्ष पडद्यावर दिसतो. दिग्दर्शक व नायक मराठी, संगीतकार मराठी, गाणारे दोन्ही गळे, लता आणि चितळकर, मराठी. आणि ट्रंपेट गोव्याचा. हे गाणे आमच्या ज्येष्ठांनी तरुणपणी गुणगुणले नसेल असे मी शपथेवर मानावयास तयार नाही. तेव्हा प्रश्न जॅझ आपला आहे की नाही, हा नव्हेच. तो आपल्या घरात केव्हाच राहून गेला. आपण फक्त त्याचे नाव शिधापत्रिकेवर चढविले नाही.

आता तरुण मित्राकडे वळतो. त्याचा आक्षेप अधिक वजनदार आहे, कारण तो प्रेमापोटी आलेला आहे. त्याच्या यादीतील एकाही नावाला माझा विरोध नाही. उलट त्याच नावांच्या साक्षीने मी माझा पक्ष मांडतो.

जॅझ गायक कोणास म्हणावे? नुसत्या इंग्रजी गाण्याने कोणी जॅझ गायक होत नाही, आणि मागे सॅक्सोफोन वाजला म्हणूनही होत नाही. लिहून दिलेली चाल जो घेतो आणि गातागाता तिची पुन्हा रचना करतो, शब्द ठोक्याच्या किंचित मागे ठेवून त्यातून नवा अर्थ काढतो, तो जॅझ गायक. 1960 च्या फेब्रुवारीत बर्लिन येथे एला फिट्झेराल्ड 'मॅक द नाइफ' गात असता मध्येच शब्द विसरल्या. दुसरी गायिका थांबली असती, ओशाळली असती. एलाबाईंनी तेथल्या तेथे नवे शब्द जुळविले, आपण विसरल्याचेच गाणे केले आणि ते इतके उत्तम केले की त्या गायनास ग्रॅमी पारितोषिक मिळाले. आपल्याकडे ख्याल गाणाऱ्याला हे समजावून सांगावे लागत नाही. बंदिश दोन ओळींची असते; गाणे गवयाचे असते.

बिली हॉलिडे यांचा आवाका मोठा नव्हता. सूर मोजके होते. परंतु त्यांच्या तोंडून आलेला शब्द त्यांच्या आयुष्यातून आल्यासारखा वाटे. 1947 साली अमली पदार्थांच्या खटल्यात त्यांना शिक्षा झाली आणि न्यूयॉर्कमध्ये मद्य विकणाऱ्या ठिकाणी गाण्याचा त्यांचा परवाना गेला. कार्नेगी हॉलमध्ये हजारोंपुढे गाता येत होते, पण जेथे जॅझ रोज रात्री जन्मत होता त्या क्लबात गाता येत नव्हते. 1959 साली त्या इस्पितळात वारल्या, तेव्हा खोलीच्या दाराशी पोलीस पहाऱ्यावर होते. गळ्यावर प्रेम आणि गाणारणीविषयी बेपर्वाई, हा जगाचा जुना रिवाज आहे.

ही कसोटी आता लोर्ना कोर्देरो यांना लावा. जन्म मुंबईचा, 1946 चा, मूळ गोव्याचे. किशोरवयातच मुंबईच्या बँडांबरोबर गाऊ लागल्या आणि पुढे मडगावच्या क्रिस पेरी यांच्या ताफ्यात आल्या. पेरी स्वतः ट्रंपेट व सॅक्सोफोन वाजवीत आणि गाणी रचीत. क्लबातील श्रोत्यांसाठी इंग्रजी गाणाऱ्या या दोघांनी मग एक धाडस केले. तीच वाद्ये, तोच ठोका, तीच झोकदार वळणे त्यांनी कोंकणीत आणली. त्यांची सगळी गाणी जॅझ आहेत असे मी म्हणणार नाही. तसे म्हणणे खोटी साक्ष होईल. त्यांत लॅटिन नाचांचे ताल आहेत, गोव्याच्या मांड्याची हुरहुर आहे. परंतु 'बेबदो' ऐका. एका दारुड्याचे ते चित्र. बेसी स्मिथ यांनी 1920 च्या दशकात दारू, दारिद्र्य आणि दगलबाज पुरुष यांवर जे ब्लूज गायिले, त्यांची ही कोंकणी बहीण आहे. लोर्नाबाई तो शब्द ज्या तऱ्हेने दाबतात, ओढतात, सोडून देतात, ती तऱ्हा कोणत्याही स्वरलिपीत उतरणार नाही. यालाच तर जॅझ म्हणतात!

इंग्रजीतून गाणाऱ्या आपल्या गायिकांची थोरवी मी कमी लेखत नाही. कलकत्त्याच्या पार्क स्ट्रीटवर एक पर्व गाजविणाऱ्या पॅम क्रेन 2013 साली गेल्या. त्यांचे नावही त्या रात्री कोणी घेतले नाही. मुंबईत जन्मलेल्या आशा पुथली यांनी ऑर्नेट कोलमन यांच्यासारख्या बंडखोर वादकाच्या 1972 च्या 'सायन्स फिक्शन' या ध्वनिमुद्रिकेत दोन गाणी गायिली, हेही कोणास आठवले नाही. चिक चॉकलेट यांच्या कन्या इव्होन या गायिका, आणि जावई ब्राझ गोन्साल्विस हे सॅक्सोफोनवादक. ग्वाल्हेर, किराणा यांना आपण घराणे म्हणतो. मग याला काय म्हणावे? तरीही लोर्नाबाईंना मी पहिला मान देतो. एखादी कला उसनी घेऊन तीत प्रावीण्य मिळविणे ही एक गोष्ट. तिला आपल्या मातृभाषेत बोलावयास लावणे ही दुसरी, आणि अधिक दुर्मीळ.

येथे माझ्या व्यवसायाचा विषय येतो, कारण या अनास्थेला कायद्याने पुष्कळ काळ आधार दिला. 1949 च्या 'महल' चित्रपटातील लताबाईंच्या सुप्रसिद्ध गाण्याच्या तबकडीवर गायिकेचे नाव होते 'कामिनी', म्हणजे पडद्यावरील पात्राचे! 1957 चा आपला स्वामित्वहक्क कायदा आला, तोही याच वृत्तीचा. संगीतकृती म्हणजे कागदावर उतरविलेली चाल. गायकाचा त्यात उल्लेखच नाही. ध्वनिमुद्रिकेचा मालक कंपनी, चालीचा मालक रचनाकार, शब्दांचा मालक कवी. ज्या गळ्यातून हे सारे जिवंत झाले तो मात्र रोजंदारीवर. एलाबाईंची बर्लिनमधील ती तत्काळ रचना या तराजूत घातली असती तर तिचे वजन शून्य भरले असते. 1977 साली सर्वोच्च न्यायालयापुढे चित्रपटसंगीताच्या हक्काचा खटला आला, तेव्हा न्यायमूर्ती कृष्ण अय्यर यांनी मुख्य निकालाशी सहमत होतानाच एक स्वतंत्र टिपण जोडले आणि भारतीय संगीताचा प्राण असलेला गायकच कायद्याबाहेर राहिला याविषयी खंत व्यक्त केली. संसदेने त्याची दखल घेऊन गायक-वादकांना स्वतंत्र हक्क दिला तो 1994 च्या दुरुस्तीने. मानधनातील वाटा आणि नावाचा नैतिक हक्क 2012 साली आला. म्हणजे लोर्नाबाईंची उमेदीची वर्षे ज्या काळात गेली, त्या काळात कायद्याच्या दृष्टीने गायिका अस्तित्वातच नव्हती.

दोन दशकांहून अधिक काळ त्या मंचापासून दूर राहिल्या. त्या मौनाच्या कारणांची चर्चा गावगप्पांत पुष्कळ झाली. ती मला करावयाची नाही. माझा प्रश्न आपल्याला आहे. त्या वर्षांत त्यांच्या ध्वनिमुद्रिका घरोघर वाजत होत्या, लग्नांत लोक नाचत होते. "ही बाई कोठे आहे, गात का नाही?" असा सवाल आपल्या किती नियतकालिकांनी केला? 1975 साली साहित्य अकादमीने कोंकणीला मान्यता दिली, 1992 साली ती राज्यघटनेच्या आठव्या परिशिष्टात गेली. भाषेच्या विजयाचे सोहळे झाले. परंतु ज्या गाण्यांनी कोंकणी भाषा आखाती देशांतल्या खोल्यांपर्यंत पोहोचविली, त्या गाण्यांना वाङ्मयाच्या पंगतीत पाट मिळाला नाही. का? ती रोमी लिपीत छापली जात, नाचाची होती, आणि गाणारी बाई क्लबातील होती. मराठीवाल्यांनी ती कोंकणी म्हणून सोडली, देवनागरीवाल्यांनी रोमी म्हणून सोडली, जॅझवाल्यांनी देशी म्हणून सोडली.

1995 साली त्या गोव्यात पुन्हा मंचावर आल्या. मी तेव्हा शाळकरी होतो. सिकंदराबादेत आमच्या शेजारी रेल्वेत नोकरीस असलेले एक गोवेकर गृहस्थ राहत. त्यांनी कोठून तरी नवी कॅसेट मागविली आणि त्या संध्याकाळी खिडकी मुद्दाम उघडी ठेवली. मला एक शब्दही नीट कळला नव्हता. परंतु ते मोठे गृहस्थ हातातली बशी खाली ठेवून रडत होते, एवढे दिसत होते. जॅझ म्हणजे काय ते मला पुढे पुस्तकांनी सांगितले. त्याआधी ते त्या खिडकीने सांगितले होते.

क्रिस पेरी 2002 साली निवर्तले. त्यांच्याच गाण्यांवर उभारलेल्या बार्द्रॉय बार्रेतो यांच्या 'नाचुंया कुंपासार' या चित्रपटास उत्कृष्ट कोंकणी चित्रपटाचे राष्ट्रीय पारितोषिक मिळाले, तेव्हा आपल्याला एकदम अभिमान वाटू लागला. उशिरा आलेला अभिमानही चांगला. पण त्याने जुनी थकबाकी फिटत नाही. ती फेडण्याचा मार्ग सोपा आहे. ज्यांच्याकडे जुन्या तबकड्या आहेत त्यांनी त्यांवरील गायकांची आणि वादकांची नावे उतरवून या मासिकाकडे धाडावीत. नावे नसतील तेथे घरातल्या वृद्धांना विचारावे. त्या ताफ्यांत वाजविलेले फार थोडे लोक आता उरले आहेत. आणि संपादकांनी लोर्नाबाईंची गाणी मूळ कोंकणीत, रचनाकार आणि गायिका या दोघांच्या नावांसह, रीतसर परवानगी व मोबदला देऊन देवनागरीत छापावीत.

माझ्या तरुण मित्राची यादी मी फाडणार नाही. एलाबाई, बिलीबाई यांची नावे तशीच राहोत. मी फक्त अर्ज करतो की यादीत एक नाव वाढवावे, आणि ते तळाशी नव्हे. ज्येष्ठांना विनंती एवढीच की, पुढल्या वेळी मर्फ्यावर नातवाची वरात निघाली की त्यांनी दोन पावले नाचावे, आणि मग सांगावे की ही आपली संस्कृती नव्हे.