एका दाताची हाव

पिकअप वाढेल, टॉप वाढेल आणि वर अ‍ॅव्हरेजही सुधारेल, असं सांगून मोटरसायकलचं पुढचं स्प्रॉकेट बदलून देणारा माणूस भेटला की मी त्याला एकच विचारतो: हे सगळं येणार कुठून? इंजिन तेच, पेट्रोल तेच, वर बसणाराही तोच. मग काहीशे रुपयांच्या लोखंडी चकतीने शक्ती कुठून पैदा केली? उत्तर ठरलेलं असतं. “दादा, तुम्ही एकदा चालवून तर बघा!”

चालवायची गरज नाही, भागाकार पुरतो. समजा पुढे 14 दात आहेत आणि मागे 42. म्हणजे पुढचं चक्र तीनदा फिरलं की मागचं एकदा फिरतं. पुढे 13 टाकलं की हे गुणोत्तर 3.23 होतं. चाकाला ओढ पावणेआठ टक्के जास्त मिळते आणि त्याच वेगाला इंजिनालाही तेवढेच टक्के जादा फेरे मारावे लागतात. पुढे 15 टाकलं की गुणोत्तर 2.80. फेरे कमी झाले, ओढही कमी झाली. एक घ्यायचं तर दुसरं द्यायचं, आणि काय द्यायचं ते घेणाऱ्याने आधी ठरवायचं. आपल्याकडे देण्याचा विषय निघाला की गिऱ्हाईक आणि मेकॅनिक दोघंही चहा मागवतात.

पंधरावाल्यांचा रोग जुना आहे. एक दात वाढवला की गाडी ‘मोकळी’ पळते म्हणे. वाऱ्याला मात्र हे कुणी कळवलेलं नसतं. वारा कापायला लागणारी शक्ती वेगाच्या घनाच्या प्रमाणात वाढते. वेग 10 टक्के वाढवायचा असेल तर शक्ती 33 टक्के जास्त हवी. ती स्प्रॉकेटच्या डबीत येत नाही. 97.2 सीसीचं इंजिन, समोरून वारा आणि मागे मेव्हणा. चौथ्या गिअरमध्ये गाडी मान टाकते आणि साहेब तिसरा टाकतात. आता हे इंजिन पूर्वीच्या चौथ्यापेक्षा जास्त किंचाळतंय. फेरे कमी करायला पैसे मोजले ते यासाठी! शहरात तर सिग्नल सुटला की हाफ क्लच, खड्डा चुकवला की पुन्हा हाफ क्लच. प्लेटा जळतात, अ‍ॅव्हरेज पडतं आणि दोष पेट्रोलमधल्या भेसळीला. घाट उतरताना इंजिनाचा ब्रेक कमी लागतो, हे तर कुणी सांगतच नाही. आणि एवढा टॉप वाढवून जायचं कुठे? मुंबई-पुणे द्रुतगती मार्गावर दुचाकीला बंदी आहे.

तेरावाले त्यांचेच चुलतभाऊ. काही गाड्यांना वेग मोजणारा सेन्सर गिअरबॉक्समधून बाहेर पडणाऱ्या शाफ्टपाशी असतो. त्या शाफ्टला पुढचे दात कमी झाल्याचं काय कळणार? गाडी खऱ्या शंभराने चालली की काटा जवळजवळ 108 दाखवतो. मालक त्या काट्याचा फोटो काढून मित्रांना पाठवतो: पिकअप तर वाढलाच, टॉपही वाढला! किलोमीटरही फुगून मोजले जातात, त्यामुळे कागदावर अ‍ॅव्हरेजही वाढतं. तिन्ही लाभ एका दातात. मला या माणसांचा हेवा वाटतो. समोरच्या चाकातून केबल येणाऱ्या साध्या गाडीवाल्याच्या नशिबी हे सुख नाही. त्याचा काटा दात बदलूनही खरं बोलत राहतो.

बुलेटवाल्यांचा दरबार वेगळा. ओतीव लोखंडी इंजिनाच्या जुन्या साडेतीनशेला पुढे 16 दात आणि मागे 38. मागचं चक्र ब्रेकच्या ड्रमचाच भाग, म्हणून ते सहसा कुणी छेडत नाही. राहिलं पुढचं. तेही क्लचच्या मागे दडलेलं. म्हणजे डाव्या बाजूचं झाकण उघडा, तेल सांडा, क्लच काढा, प्रायमरी चेन काढा, मग त्याचं दर्शन. इतर गाडीवर अर्ध्या तासात होणाऱ्या कामाला इथे अख्खा दिवस जातो. एवढं करून 16च्या जागी 18 बसवायचं कशासाठी? तर ठोका संथ पडावा, चौकातल्या लोकांनी वळून पाहावं. 18 अश्वशक्तीच्या त्या म्हाताऱ्या यंत्राकडून एकाच ठोक्यात साडेबारा टक्के जास्त अंतर कापून घ्यायचं, आणि खंबाटकीत ते गुदमरलं की “बुलेट ही बुलेटच, जरा तापते” म्हणून हसायचं. ती तापत नाही हो, तिला छळलं जातंय.

बरं, बदल करतात तो तरी धड? चेन हजारो किलोमीटर चाललेली, कड्या सैल झालेल्या, आणि त्यावर नवं कोरं पुढचं चक्र. लांबलेली चेन नव्या दातांवर नीट बसत नाही, वर चढते आणि त्यांनाही स्वतःसारखंच करते. 428 नंबरच्या चेनची कडी अर्ध्या इंचाची. पुढे एक दात कमी केला की ताण राखायला मागचं चाक साधारण 3 मिलिमीटर मागे ओढावं लागतं. अ‍ॅडजस्टर आधीच टोकाला गेलेला असेल तर ते 3 मिलिमीटर आणायचे कुठून? मग चेन लोंबते, आवाज करते, आणि “नवीन आहे, बसेल” हे आश्वासन मिळतं. शर्यतीतले मेकॅनिक ट्रॅकनुसार दात बदलतात आणि बारीक फरक हवा असला की मागच्या चक्राला हात घालतात, कारण पुढचा एक दात मागच्या तिनांच्या तोलाचा असतो. आपल्या गल्लीत बारीक फरक कुणाला हवाय?

आता ज्याला खरंच गरज आहे त्याच्याकडे बघा. पाटण, जावळीकडच्या एखाद्या वाडीतून रोज पहाटे निघणारा दूधवाला. दोन्ही बाजूंना 40 लिटरचे भरलेले कॅन, म्हणजे 80 किलोंहून जास्त ओझं, आणि डांबरी रस्त्याला लागायच्या आधी दोन खडे चढ. याच्या आयुष्यात टॉप नावाची गोष्ट नाही. पुढे एक दात कमी केला तर त्याच्या प्लेटा वाचतील, पहिल्या गिअरमध्ये गाडी रडणार नाही, उतारावर इंजिन जास्त धरेल. अ‍ॅव्हरेज थोडं कमी होईल; तो हिशेब त्याला कुणाहीपेक्षा चांगला येतो. पण याला मात्र सगळे सांगतात, “मालक, कंपनीचंच राहू द्या, कंपनी काय येडी आहे का?”

कंपनी येडी नाही, हुशार आहे. तिला एकच गाडी लातूरच्या सपाटीवर आणि महाबळेश्वरच्या चढावर विकायची आहे, आणि जाहिरातीत अ‍ॅव्हरेजचा आकडा ठळक छापायचा आहे. तो आकडा ठरतो तपासणीच्या रोलरवर. पुण्यात वाहनांची तपासणी करणारी एआरएआय ही संस्था वेताळ टेकडीवर आहे. टेकडी चढून गेलेली गाडी आत रोलरवर उभी राहते आणि तिथे ना चढ असतो, ना दुधाचा कॅन. त्या चाचणीला मी नावं ठेवत नाही, तुलनेसाठी ती हवीच. पण त्या आकड्यासाठी निवडलेले दात म्हणजे वेदवाक्य नव्हे. याच कंपन्या एक इंजिन दोन गाड्यांना लावतात, एक डांबरासाठी आणि एक मातीसाठी, आणि त्यांचे दात स्वतःच वेगळे ठेवतात. तेव्हा वॉरंटी कुठे जात नाही.

मग तेच गिऱ्हाइकाला का देत नाहीत? सर्व्हिस सेंटरमध्ये जा आणि एक दात कमी असलेलं चक्र मागा. काउंटरवरचा मुलगा कॉम्प्युटरकडे बघत विचारेल, “मॉडेल कोणतं? साल कोणतं?” रस्ता कोणता, ओझं किती, हे तो विचारणार नाही. त्याच्या स्क्रीनवर तसा रकानाच नाही.