सुरगाण्याचे संस्थान आणि लॅपटॉपमधला पोलिटिकल एजंट

१/ सुरगाणा आज नाशिक जिल्ह्यातील, गुजरातच्या सीमेलगतचा आदिवासी तालुका म्हणून ओळखला जातो. १९४८ मध्ये मुंबई प्रांतात विलीन होईपर्यंत ते देशमुखांचे संस्थान होते. त्या संस्थानाला नेमके किती स्वातंत्र्य होते हे उमगले, की आपल्या मांडीवरच्या लॅपटॉपचे मालक आपण कितपत आहोत हेही उमगते. हा धागा त्यासाठी.

२/ गादी देशमुखांची, दरबार देशमुखांचा. परंतु सार्वभौम सत्ता इंग्रजांची. परराज्याशी परस्पर संबंध ठेवण्याची मुभा नाही. वारसालाही इंग्रज सरकारची मान्यता हवी. ब्रिटिश काळात दीर्घकाळ नाशिकचे कलेक्टरच संस्थानचे पोलिटिकल एजंट होते. रयतेला रोज दिसे तो दरबार; अखेरचा शब्द मात्र नाशिकच्या कचेरीचा.

३/ आता संगणकाकडे वळू. १९८३ मध्ये रिचर्ड स्टॉलमन यांनी ग्नू प्रकल्पाची घोषणा केली. सॉफ्टवेअर चालवण्याचा, अभ्यासण्याचा, बदलण्याचा आणि वाटण्याचा हक्क वापरणाऱ्याचा असावा, ही त्यामागची भूमिका. आपल्याकडे सी-डॅकने ‘बॉस’ ही लिनक्स प्रणाली सिद्ध केली. २०१५ मध्ये केंद्र सरकारने मुक्त स्रोत सॉफ्टवेअर स्वीकारण्याचे धोरणही जाहीर केले. पाऊल योग्यच होते. पण ही सुधारणा दरबाराची झाली; कचेरी तशीच राहिली.

४/ कारण लिनक्स जागे होण्यापूर्वी मदरबोर्डवरचे फर्मवेअर जागे होते. त्याचा स्रोत बहुधा बंद. त्याहून खोलवर, साधारण २००८ नंतरच्या जवळजवळ प्रत्येक इंटेल संचात ‘मॅनेजमेंट इंजिन’ नावाचा स्वतंत्र छोटा संगणक असतो. लॅपटॉप बंद दिसत असला तरी, वीज मिळत असेल तर, तो चालू राहू शकतो. एएमडीच्या यंत्रांतही त्याचा भाऊबंद आहे.

५/ हे इंजिन आपण काढून टाकू म्हटले तर? २००८ च्या सुमाराच्या काही थिंकपॅडमध्ये ते साधते. लिबरबूटचे कार्यकर्ते ती जुनी यंत्रे जपतात ती याचसाठी. त्यानंतरच्या बहुतेक पिढ्यांत इंजिनाचे फर्मवेअर पूर्ण पुसले, तर यंत्र तीस मिनिटांत आपोआप बंद पडते. एजंटाला हाकलले तर गादीच खालसा!

६/ विसंगती पाहा. २०१५ पासून या इंजिनात धावणारी प्रणाली आहे मिनिक्स, म्हणजे अँड्र्यू टॅनेनबॉम या प्राध्यापकांची, मुक्त परवान्याने दिलेली निर्मिती. ती तिथे वापरली गेल्याचे त्यांना २०१७ मध्ये बातम्यांतून कळले. मुक्त विटांनीच कुलूपबंद भिंत उभी राहिली.

७/ यावर आक्षेप येतो की फर्मवेअर कुलूपबंद असणे सुरक्षेसाठी आवश्यक आहे. हा आक्षेप पोकळ नाही. २०१८ मध्ये उघडकीस आलेला ‘लोजॅक्स’ थेट फर्मवेअरमध्ये ठाण मांडत असे. हार्ड डिस्क बदलूनही तो जात नसे. कुलूप हवेच. माझा प्रश्न किल्लीचा आहे. २०२३ मध्ये एमएसआय या कंपनीवर सायबर हल्ला झाला आणि तिच्या फर्मवेअरच्या गुप्त किल्ल्या चोरांमार्फत जगजाहीर झाल्या. ज्या किल्ल्या मालकाला नाकारल्या, त्या चोराला मिळाल्या. त्यांतील काहींची ओळख चिपमध्ये कायमची कोरलेली, म्हणून विकलेल्या यंत्रांत त्या बदलताही येत नाहीत.

८/ आणि २०१७ चा तो शोध, जो मला सर्वांत बोलका वाटतो. सुरुवातीचे काम उरकताच इंजिनाला थांबवणारी एक अप्रकाशित कळ त्यातच असल्याचे संशोधकांनी दाखवून दिले. अमेरिकी सरकारच्या उच्च सुरक्षेच्या एका कार्यक्रमाच्या चाचपणीसाठी उत्पादकांनी केलेल्या विनंतीवरून ती ठेवल्याचे इंटेलने मान्य केले. म्हणजे इंजिन थांबवणे अशक्य नव्हते. कोण मागतो, एवढाच प्रश्न होता.

९/ संस्थानी काळातही हेच चाले. बडोद्याला एकवीस तोफांची सलामी. सुरगाण्याला एकही नाही. सार्वभौम सत्ता एकच, अटी वजनाप्रमाणे.

१०/ एकटादुकटा ग्राहक सुरगाण्याच्याच पंक्तीतला. शासन मात्र नाही. शाळा, तहसील कचेऱ्या, आश्रमशाळा यांसाठी ते एकगठ्ठा खरेदी करते, आणि ते वजन वापरत नाही. निविदेत रॅम किती, डिस्क किती, हे लिहिलेले असते. फर्मवेअरची सुधारित आवृत्ती किती वर्षे मिळेल, इंजिन थांबवण्याची कळ आम्हाला मिळेल काय, कंपनीचा पाठिंबा संपल्यावर कोअरबूटसारखे मुक्त फर्मवेअर घालू द्याल काय, हेही तिथेच विचारायला हवे. काही कंपन्यांच्या लॅपटॉपचे फर्मवेअर कंपनीच्या यादीबाहेरचे वायफाय कार्ड दिसताच यंत्र सुरूच होऊ देत नसे. तसे यंत्र सुरगाण्याच्या एखाद्या आश्रमशाळेत असेल, तर बाजारात मिळणारे साधे कार्ड हाती असूनही मुलांपुढचा पडदा काळाच राहील. निविदेत त्याविरुद्ध एक ओळ घालायला शासनाला छदामही पडत नाही.