येत्या सालाचं भविष्य आणि माझी तिसरी पाळी

दरसालसारखं याही खेपेला कुणीतरी देशाचं भविष्य छापलंय. कॅन्टीनच्या बाकावर, भज्यांचं तेल लागलेल्या कागदावर मी ते वाचलं. राजकारण स्थिर, अर्थकारण तेजीत, परराष्ट्रनीती खंबीर. वाचून बरं वाटलं. मग भोंगा झाला आणि मी रिंगखात्यात गेलो. तुटलेला धागा जोडायला. रात्रभर मी तेच करतो.

दोस्तांनो, माझी शाळा सातवीत सुटली. पुढचं शिक्षण वस्तीतल्या विहारात, बाबासाहेबांचे खंड बोटानं ओळ धरून वाचत झालं. आपला बाप अर्थशास्त्री होता. हिशेब आपल्याला वर्ज्य नाही. म्हणून २०२७ सालचा हिशेब मीच मांडतो.

आधी तेजी. २०२५ च्या मे महिन्यात नीती आयोगाच्या मुख्य अधिकाऱ्यांनी सांगितलं, जपान मागं पडला, आपण जगात चौथे. आंतरराष्ट्रीय नाणेनिधीच्या त्या सालच्या अंदाजात माणशी उत्पन्न बघा. आपलं साधारण २,९०० डॉलर, जपानचं ३३ हजारांच्या वर. आणि याच चौथ्या नंबरच्या देशात १ जानेवारी २०२४ पासून पाच वर्षं ८१ कोटी माणसांना फुकट धान्य द्यायचं ठरलं. धान्य मिळतं ते मिळालंच पाहिजे. माझी आईसुद्धा त्या रांगेत असते. पण निम्म्याहून जास्त देश रांगेत उभा करून नंबर कसला सांगता?

आता घामाचा भाव बघा. १९४६ साली व्हाइसरॉयच्या मंडळात मजूर खातं सांभाळताना बाबासाहेबांनी कारखाना कायदा बदलला आणि आठवड्याचे ५४ तास ४८ वर आणले. ३ सप्टेंबर २०२५ ला आपल्या राज्याच्या मंत्रिमंडळानं कारखान्यातला दिवस ९ तासांवरून १२ तासांपर्यंत न्यायला मंजुरी दिली. म्हणतात, आठवड्याचे ४८ तेच राहतील, आणि कामगाराची लेखी संमती लागेल.

लेखी संमती! गेल्या पावसाळ्यात मुकादमानं आम्हा अकरा जणांच्या सह्या कोऱ्या कागदावर घेतल्या. एकानं विचारलं, कशाला? दुसऱ्या दिवशी त्याचा पास गेटवर चालेना. बाकीच्या दहांनी मग काही विचारलं नाही. त्या दहांत मीही होतो. लाज वाटते, पण लिहितो. ही आमची संमती.

२१ नोव्हेंबर २०२५ पासून चार कामगार संहिता लागू झाल्या. ३०० पर्यंत माणसं असलेल्या कारखान्याला माणसं काढायला सरकारची परवानगी लागत नाही. आधी ही रेघ १०० वर होती. संप करायचा तर मात्र १४ दिवस आधी नोटीस. ७ नोव्हेंबर १९३८ ला बाबासाहेब मुंबईच्या रस्त्यावर उतरले ते अशाच कायद्याविरुद्ध. संप म्हणजे स्वातंत्र्याचाच हक्क, हे त्यांनी विधिमंडळात बजावलं होतं. आपण त्यांच्या जयंतीला डीजे लावतो आणि ७ नोव्हेंबर म्हटलं की एकमेकांची तोंडं बघतो.

परराष्ट्रनीती म्हणे आपला विषय नाही. नाही कसा? सूत बंदरावरनंच परदेशी जातं. २७ ऑगस्ट २०२५ ला अमेरिकेनं आपल्या मालावरचा कर ५० टक्क्यांवर नेला. त्यातला निम्मा रशियाचं तेल घेतो म्हणून. ते तेल स्वस्त होतं तेव्हा त्याची स्वस्ताई माझ्या वस्तीपर्यंत आली नाही. दंड मात्र सरळ माझ्या साच्यापर्यंत आला. त्याच महिन्यात दिल्लीनं परदेशी कापसावरचं ११ टक्के शुल्क काढलं, ते डिसेंबर अखेरपर्यंत. गिरणीवाल्याला सवलत, विदर्भातल्या कापूसवाल्याला भाव पडायची धास्ती. मला काय? कर आज चढेल, उद्या उतरेल. चढला की पाळी बंद, आणि पाळी बंद म्हटली की आधी ठेकेदाराची माणसं घरी. ती माणसं कुठल्या वस्तीतली, ते तुम्हाला सांगायला नको.

मात्र हे मी डोळ्यांनी बघितलेलं सांगतो. आकडा मागाल तर माझ्याकडं नाही. आकडा का नाही, हाच खरा राजकारणाचा प्रश्न. सगळ्या जातींचे आकडे शेवटचे छापले ते १९३१ च्या शिरगणतीत. २०११ साली पुन्हा जात विचारली, पण ते आकडे दाबून ठेवले. मोजलं की काय दिसतं बघा. केंद्रानं गटारात उतरणाऱ्या सुमारे ३८ हजार कामगारांची नोंद केली. २०२४ साली बाहेर आलेल्या त्या आकड्यांत शंभरातले जवळजवळ ६९ अनुसूचित जातीचे निघाले. म्हणून मोजायचं नसतं.

आता फेब्रुवारी २०२७ मध्ये जातीसकट शिरगणती ठरली आहे. आणि आपलेच काही जिगरी दोस्त म्हणतात, आम्ही जात सोडली, जात लिहिणार नाही. त्यांच्याशी माझं भांडण आहे. ताप मोजला म्हणून कुणी ताप मानत नाही. धर्माच्या रकान्यात ठणकावून बौद्ध लिहा. जातीच्या रकान्यात अनुसूचित जातीचं नाव लिहा. १९९० च्या दुरुस्तीनं बौद्धांचा तो हक्क शाबूत केलाय. लोकसभेत आपल्या ८४ राखीव जागा आहेत, त्या ३३० व्या कलमानं लोकसंख्येच्या प्रमाणात ठरतात. डोकी कमी भरली तर जागा कमी भरतील. रकाना कोरा ठेवणं आणि कोऱ्या कागदावर सही करणं एकच. पुढचं दुसराच कुणीतरी लिहितो.

लाल झेंड्यावाले दोस्त म्हणतात, जात मोजली की कामगार फुटतो. फुटलेलाच होता, बाबा! १९२८ च्या गिरणी संपात बाबासाहेबांनी विचारलं, आमच्या माणसाला साचेखात्यात का घेत नाही? तिथं पगार जास्त होता. पण धोट्यातनं धागा तोंडानं ओढावा लागायचा, आणि आमच्या तोंडचा धागा सवर्ण कामगाराला चालत नव्हता. तास मोजले आणि जात मोजली नाही, तर एकजूट खोटी. जात मोजली आणि तास विसरलो, तर आपले पुढारी तेवढे मोठे होतील, आपण तिसऱ्या पाळीतच मरू.

शिरगणतीची घडी १ मार्च २०२७ ची आहे. त्यानंतर १९ दिवसांनी चवदार तळ्याच्या सत्याग्रहाला शंभर वर्षं होतील. महाडला जाऊच. पण माणसं विनाकारण पाणी प्यायला गेली नव्हती. आपणही माणूस म्हणून मोजले जातो, एवढं सिद्ध करायला गेली होती.

तेव्हा गणतीवाला येईल त्या दिवशी घरी राहा. शेजारच्या म्हातारीचा रकाना वाचून बघा. आणि मुकादमानं कागद पुढं केला की आधी विचारा, कशाला. एकटा विचारला तर पास बंद होतो. अकराच्या अकरांनी विचारलं तर काय होतं, ते या साली बघू.

जयभीम.