तपासणी कागदांची की फाटकाची?

१९९७ साली पिंपरी-चिंचवड महापालिकेच्या हद्दीत आलेल्या मोशीस आज प्रदर्शनांचे गाव म्हटले तर त्यात अतिशयोक्ती होणार नाही. दर डिसेंबरात तेथे शेतकऱ्यांचे ‘किसान’ प्रदर्शन भरते. फेब्रुवारी २०२४ मध्ये तेथेच राज्याच्या लघु व मध्यम उद्योगांचे संरक्षण-सामग्रीचे प्रदर्शन झाले. पुणे-नाशिक रस्त्याने अशा दिवशी माणसांचा जो लोंढा या गावाकडे वळतो तो पाहून या उद्योगनगरीच्या कोणाही रहिवाशास अभिमान वाटावा. परंतु हा लोंढा एकदा आत शिरला, मंडपाखाली दाटला, की त्यास सुखरूप बाहेर काढण्याची जबाबदारी कोणाची, आणि ती पार पाडण्याची तयारी झाली आहे की नाही हे कोण पाहतो, हा प्रश्न अभिमानाच्या भरात बाजूस पडतो. तो आज आम्ही मुद्दाम पुढे आणीत आहो.

कायदे नाहीत असे कोणी म्हणू नये. २००६ सालच्या महाराष्ट्र आग प्रतिबंधक व जीवसंरक्षक उपाययोजना अधिनियमाने ही जबाबदारी जागेच्या मालकावर व भोगवटादारावर टाकली आहे. आगीपासून बचावाची यंत्रणा चालू स्थितीत आहे असा परवानाधारक संस्थेचा दाखला, ज्यास सर्वजण ‘फॉर्म बी’ म्हणून ओळखतात, वर्षातून दोनदा, जानेवारीत आणि जुलैत, सादर करावयाचा असतो. खासगी सुरक्षा संस्थांसाठी २००५ चा केंद्रीय कायदा आहे. परवान्याशिवाय धंदा करणारास एक वर्षापर्यंत कैद वा पंचवीस हजारांपर्यंत दंड, किंवा दोन्ही, अशी त्यात तरतूद आहे. त्याखेरीज आपल्या राज्यात १९८१ पासून सुरक्षारक्षकांच्या नोकरीचे व कल्याणाचे नियमन करणारा स्वतंत्र कायदा आणि त्याखालील मंडळे आहेत. एवढा सरंजाम असता तपासणीची ‘तयारी’ म्हणजे प्रत्यक्षात काय होते?

आमच्यापैकी ज्यांनी शाळेत मास्तरकी केली आहे त्यांस हा प्रकार सांगावयास नको. तपासणीची तारीख कळली की भिंतीस चुना लागे, फुटक्या फळ्यास काळा रंग मिळे, हजेरीपट आणि टाचणवह्या भराभर पुऱ्या होत, आणि हुशार मुले पहिल्या बाकावर येत. वर्गास गणित येते की नाही हे त्या दिवशी सिद्ध होत नसे. शाळेस पाहुणचार येतो एवढेच सिद्ध होई. सभागृहे, मंगल कार्यालये, मल्टिप्लेक्स आणि प्रदर्शनाची मैदाने यांतील तपासणी कित्येक ठिकाणी याहून फारशी वेगळी नसते. एरवी खुर्च्यांच्या थप्प्यांनी अडलेली वाट त्या दिवशी मोकळी होते, मागील दाराचे कुलूप निघते, लाल नळकांड्यांवर नव्या तारखेच्या चिठ्ठ्या चिकटतात. संस्थेची फाईल तर अशी नेटकी लागते की ती पाहूनच अधिकाऱ्याने प्रसन्न व्हावे! दुसऱ्या दिवशी खुर्च्या आपल्या मूळ जागी परततात.

या शहरास अशा चालढकलीची किंमत ठाऊक नाही असे नव्हे. १७ एप्रिल २०२३ रोजी किवळे येथे वादळात लोखंडी जाहिरात-फलक कोसळून त्याच्या आडोशास उभी असलेली पाच माणसे प्राणास मुकली. त्याच वर्षी ८ डिसेंबरला तळवडे येथे वाढदिवसाच्या केकवरील फुलबाज्या करणाऱ्या कारखान्यास आग लागून सहा जीव त्या दिवशीच गेले आणि पुढे रुग्णालयात मृतांचा आकडा वाढतच राहिला. बळी पडलेल्यांत पोटासाठी मजुरी करणाऱ्या बायकाच अधिक होत्या. मे २०२४ मध्ये घाटकोपरची दुर्घटना ताजी असतानाच खुद्द मोशीत एक फलक पडला. तेथे वाहनांवरच निभावले, ते केवळ दैव म्हणून. या प्रत्येक घटनेनंतर सर्वेक्षणांच्या व कारवाईच्या घोषणा झाल्या. घटनेपूर्वी कोणी जाऊन पाहिले होते काय, आणि पाहिले असल्यास नेमके काय पाहिले, याचे उत्तर मात्र लोकांपर्यंत कधी धडपणे पोचत नाही.

गोव्यात हडफडे येथील रात्रीच्या क्लबास ६ डिसेंबर २०२५ च्या मध्यरात्री आग लागून पंचवीस माणसे मेली. त्यांतील बहुसंख्य पर्यटक नव्हते. तेथे चाकरी करणारी माणसे होती. तपासणी ही गिऱ्हाइकांच्या सोयीसाठी असते असे समजणाऱ्या मालकांनी या एका गोष्टीचा विचार करावा.

परंतु आम्हांस या विषयात सर्वांत अधिक शिकण्यासारखे वाटते ते इंग्लंडातील मँचेस्टरचे प्रकरण. २२ मे २०१७ रोजी तेथील एका भव्य सभागृहात संगीताचा कार्यक्रम संपून लोक बाहेर पडत असता आत्मघातकी स्फोट झाला आणि बावीस निरपराध माणसे ठार झाली. पुढे सर जॉन साँडर्स यांच्या अध्यक्षतेखाली झालेल्या चौकशीत जे उघडकीस आले ते विलक्षण होते. आपल्या मुलांस न्यावयास आलेल्या एका पालकास पाठीवर मोठी पिशवी घेऊन बसलेल्या माणसाचा संशय आला होता. त्याने तो स्फोटापूर्वी सुमारे पंधरा मिनिटे तेथील एका पोरसवदा कर्मचाऱ्यास बोलूनही दाखविला. त्या कर्मचाऱ्यास आपली जागा सोडता येत नव्हती आणि त्याच्याजवळ वॉकीटॉकी नव्हता. त्याने अठरा वर्षांच्या दुसऱ्या एका रक्षकाचे लक्ष कसेबसे वेधले. या दुसऱ्याजवळ यंत्र होते, त्याने प्रयत्न केल्याचेही सांगितले. पण निरोप नियंत्रण कक्षापर्यंत गेलाच नाही. आपण एखाद्यावर त्याच्या वर्णावरून संशय घेतो असे लोक म्हणतील, ही धास्तीही त्या मुलाच्या मनात होती. सुरक्षा व्यवस्थेने हाती आलेल्या संधी दवडल्या, असा निष्कर्ष जून २०२१ च्या अहवालात नोंदविला गेला.

हे सभागृह काही आडगावातील तंबू नव्हते. तेथे संस्था होती, करार होते, कॅमेरे होते. नव्हते ते एवढेच की, फाटकावरच्या सर्वांत कनिष्ठ माणसाचा शब्द वरपर्यंत जाण्याची वाट! मृतांपैकी मार्टिन हेट याच्या आईने त्यानंतर वर्षानुवर्षे खटपट केली आणि एप्रिल २०२५ मध्ये ‘मार्टिनचा कायदा’ या नावाने ओळखला जाणारा कायदा तेथे संमत झाला. दोनशे वा अधिक माणसे जमू शकतील अशा जागांनी संकटकाळी काय करावयाचे हे आधी ठरवून कर्मचाऱ्यांस सांगून ठेवले पाहिजे; आठशेच्या वर माणसे जमत असतील तर जबाबदारी अधिक कडक. तपासणीचे काम ज्या सरकारी संस्थेकडे दिले आहे तीच तेथील खासगी रक्षकांस परवाने देते. आणि कायदा अंमलात आणण्यापूर्वी जागामालकांस तयारीसाठी किमान दोन वर्षांचा अवधी ठेवला आहे. तयारी म्हणजे चुना नव्हे, याची ही कबुली आहे.

आता आपल्या फाटकाकडे वळू. केंद्राच्या आदर्श नियमांप्रमाणे नव्या रक्षकास शंभर तास वर्गातले आणि साठ तास प्रत्यक्ष जागेवरचे, असे निदान वीस कामाच्या दिवसांत पसरलेले शिक्षण मिळाले पाहिजे. माजी सैनिक व पोलिसांस ते कमी चालते. पंधरा रक्षकांमागे एक पर्यवेक्षक हवा, प्रत्येकाच्या अंगावर छायाचित्रासह ओळखपत्र हवे. चार दिवसांच्या प्रदर्शनासाठी आदल्या संध्याकाळी जमविलेल्या, मापाचा नसलेला गणवेश चढवून उभ्या केलेल्या पोराने हे एकशेसाठ तास कधी पुरे केले असतील? कालपर्यंत तो चाकणच्या एखाद्या कारखान्यात कंत्राटी हेल्पर होता. काम सुटले म्हणून शिटी गळ्यात अडकवून उभा आहे. बारा बारा तास उभा राहतो, जेवावयास सुट्टी कोणी देईल याची वाट पाहतो, आणि मोटारवाल्यांच्या शिव्या खातो. त्यास दोष देणे आम्हांस मंजूर नाही. दोष आहे तो सर्वांत कमी दराची निविदा स्वीकारून पुन्हा प्रशिक्षित माणसांची अपेक्षा करणाऱ्या आयोजकाचा, आणि तो दर परवडत नाही हे ठाऊक असूनही सही करणाऱ्या सुरक्षा संस्थेचा.

आयोजकांची एक तक्रार खरी आहे. अग्निशमन दल, पोलीस, विद्युत निरीक्षक, महापालिकेचे निरनिराळे विभाग असे उंबरठे झिजवून दाखले गोळा करता करता त्यांच्या नाकी नऊ येतात, आणि जो तो स्वतःचा कागद पाहून मोकळा होतो. ‘फॉर्म बी’ देणारी संस्था मालकानेच नेमलेली आणि त्याच्याकडूनच मेहनताना घेणारी, ही या व्यवस्थेतील उघड अडचणही नाकारता येत नाही. परंतु एवढ्यावरून तपासणी म्हणजे निव्वळ जाच, ती जितकी कमी तितके उद्योगाचे भले, असे जे अनुमान काढले जाते ते आम्हांस मुळीच पटत नाही. तपासण्या कमी करावयाच्या तर जरूर कराव्या. चार कार्यालयांच्या चार फेऱ्यांऐवजी सर्वांनी मिळून एक फेरी करावी. मात्र ती मैदान रिकामे असताना नको. रविवारी दुपारी चार वाजता, गर्दी ऐन भरात असताना ती झाली पाहिजे. सुरक्षा संस्थेच्या कचेरीत व दप्तरात कोणत्याही वाजवी वेळी डोकावण्याचा अधिकार नियंत्रक प्राधिकाऱ्यास कायद्याने दिलेला आहे. अग्निशमन अधिकाऱ्यासही जागेत जाऊन पाहणी करण्याचा अधिकार आहे. या शहरास १५ ऑगस्ट २०१८ पासून स्वतंत्र पोलीस आयुक्तालय लाभलेले आहे. तेव्हा अधिकाराचा वा मनुष्यबळाचा बहाणा दरवेळी चालावयाचा नाही.

आणि त्या दुपारी अधिकाऱ्यांनी फाईल मागण्यापूर्वी एखाद्या रक्षकास चार प्रश्न विचारावे. तुझ्या पाठीमागचे दार कोठे उघडते? त्याची किल्ली कोणापाशी आहे? मंडपात धूर दिसला तर तू प्रथम कोणास कळविणार आणि कशाने? कार्यक्रम थांबवा असे सांगण्याचा अधिकार येथे कोणास आहे? आयोजक आणि सुरक्षा संस्था यांनी उद्घाटनाच्या आठवडाभर आधी एकत्र बसून, मैदान पायी फिरून, ही उत्तरे ठरविली असतील तर तो पोरगा ती अडखळत का होईना देईल. नसतील तर व्यवस्थापकाकडे पाहील. ज्या मैदानावर रक्षक व्यवस्थापकाकडे पाहतो त्याचा परवाना उत्तरे मिळेपर्यंत रोखून धरावा, आणि तपासणीचा निकाल, तारीख व अधिकाऱ्याच्या सहीसह, तिकीट खिडकीशेजारी मराठीत लावावा. बायकामुलांस घेऊन आत जाणाऱ्या माणसास, आतली वाट मोकळी आहे की नाही हे तिकिटाचे पैसे मोजण्यापूर्वी वाचता आले पाहिजे. येत्या हंगामापासून महापालिका आयुक्त व पोलीस आयुक्त यांनी निदान मोशीच्या मैदानापुरती ही पद्धत सुरू करावी, अशी आमची मागणी आहे. तिला नवा कायदा लागत नाही, आणि खर्च म्हणावा तर काही वॉकीटॉकींचा.