फळ नव्हे, झाड निवडणारा व्यापारी
परसदारी | बागवान

‘हेअरलूम’ म्हणजे जुन्या, जपलेल्या वाणाचा टोमॅटो म्हटलं की डोळ्यांपुढे कुणा आजीचं परस येतं आणि राखेत घोळून ठेवलेलं बी. तशी वाणं आहेतच. पण अमेरिकेत आज या नावाने मिरवणारे कितीतरी टोमॅटो आजीचे नाहीत, ते पक्क्या व्यापाऱ्यांचे आहेत.

अलेक्झांडर लिव्हिंगस्टन हा त्यांच्यातला मोठा. जन्म १८२१चा, ओहायोतल्या रेनॉल्ड्सबर्गचा, धंदा बियाण्यांचा. त्या काळचा टोमॅटो खाचाखोचांचा, चिरायला घेतला की निम्मा वाया जाणारा. तो गुळगुळीत करायचा ध्यास या गृहस्थाने घेतला. शेतातलं सर्वांत देखणं फळ निवडायचं, त्याचं बी धरायचं, पेरायचं आणि पुढच्या हंगामात पुन्हा तीच खाचांची फळं बघत बसायची. अशी सुमारे पंधरा वर्षं गेली. मग एकदा शेतात त्याला एक वेगळं झाड दिसलं. फळं लहानच, पण झाडावरची सगळी एकसारखी, बिनखाचेची. या वेळी त्याने फळाचा नाद सोडला आणि झाड धरलं. त्याचं बी निराळं पेरलं, दर वर्षी त्यातली चांगली झाडं निवडत फळाचा आकार वाढवला आणि १८७०मध्ये ‘पॅरागॉन’ विकायला काढलं. पाठोपाठ अ‍ॅक्मे, परफेक्शन, गोल्डन क्वीन. १८९३मध्ये हा सारा खटाटोप त्याने पुस्तकात लिहूनही ठेवला.

आता गंमत बघा. बाजारातला टोमॅटो साच्यातून काढल्यासारखा, म्हणून आपण नाक मुरडतो आणि ‘हेअरलूम’च्या वेड्यावाकड्या फळाला चढा भाव देतो. एकसारखेपणाचा तो हट्ट मात्र या जुन्या मंडळींपासूनच सुरू झाला! पुढे तो अती झाला. देठाजवळ हिरवा राहणारा टोमॅटो नको, सगळीकडून सारखा लाल हवा, म्हणून विसाव्या शतकात तशीच वाणं निवडली गेली. २०१२मध्ये शास्त्रज्ञांनी दाखवून दिलं की या निवडीत फळातली हरितलवकं घडवणारं एक जनुकच निकामी झालं होतं आणि साखरही घटली होती. रूप मिळालं, चव गेली.

तेव्हा जुनं म्हणजे गोड, असं मी म्हणणार नाही. या जुन्या बियाणेवाल्यांचं मला वाटणारं मोल वेगळंच आहे. टोमॅटोचं फूल बहुतेक वेळा स्वतःच फळतं, म्हणून सरळ वाणाचं बी घरी धरलं तरी पुढच्या वर्षी तेच फळ येतं. म्हणजे लिव्हिंगस्टनचं गिऱ्हाईक एक पुडी नेऊन पुन्हा कधीच दुकानाची पायरी चढलं नसतं, तरी चाललं असतं. हे माहीत असूनही माणसाने धंदा केला आणि दर काही वर्षांनी काहीतरी नवं दिलं. वेस्ट व्हर्जिनियातल्या लोगन गावच्या एका रेडिएटर दुरुस्त करणाऱ्याने तर स्वतः तयार केलेल्या टोमॅटोची रोपं डॉलरला एक विकून घरावरचं सहा हजार डॉलरचं कर्ज सहा वर्षांत फेडलं. त्या वाणाचं नावच पडलं ‘मॉर्टगेज लिफ्टर’. त्याचंही बी घरी धरता येतंच.

मग १९४९मध्ये बर्पी या बियाणे कंपनीचं ‘बिग बॉय’ हे संकरित वाण आलं. पीक जोरदार, पण घरी धरलेल्या बियांतून तसंच झाड येईल याचा भरवसा नाही. गिऱ्हाईक दर वर्षी दारात.

नारायणगाव, पिंपळगाव बसवंतच्या शेतकऱ्याला संकरित लावू नका, असं सांगायची माझी छाती नाही. ट्रकने मुंबई गाठायची तर टिकाऊ मालच हवा. पण परसात, गच्चीवर चार कुंड्या लावणाऱ्याला ही अडचण कुठे आहे? दुकानात विचारा: संकरित की सरळ? पुसा रुबी हे आपल्याकडचं जुनं सरळ वाण आहे, तेही मागून बघा. पिकलेल्या फळाचा बियांसकट गर दोन-तीन दिवस वाटीत आंबू द्या, बी धुऊन बशीत सावलीला वाळवा. कागदावर नको, चिकटतं. आणि ज्यांच्या घरी भेदऱ्याचं किंवा गावरान टोमॅटोचं बी अजून टिकून आहे, त्यांनी यंदा एक चिमूट शेजारी द्यावं.